तोफ आणि तिच्यामागची माणसे : अडगावची लढाई, १८०३

उद्दिष्ट : या पाठाच्या अभ्यासानंतर तोफखान्यातील कवायतीचे महत्त्व व तिची मर्यादा आपल्याला सांगता येईल.

विषय-विवेचन
अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्यावरची नऊगजी तोफ आपण कदाचित पाहिली असेल. तिची लांबी डोळ्यांत भरते. तिच्याभोवती राबणारी माणसे मात्र आता दिसत नाहीत. गोलंदाजी हे एकट्याचे काम नव्हते. बार झाला की एकाने ओल्या बोळ्याच्या दांड्याने नळी पुसायची, दुसऱ्याने दारू व गोळा भरायचा, तिसऱ्याने गजाने ठासायचे, चौथ्याने कानात रंजक घालून बत्ती द्यायची. नळीत ठिणगी राहिली, तर नवी दारू ठासणाऱ्याच्याच जिवावर बेते. म्हणून हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत गिरवून घेत. ‘कवायत’ हा शब्दही ‘कायदा’ या मूळ अरबी शब्दाच्या अनेकवचनातून आला आहे.

महादजी शिंदे यांनी द बॉयन याच्याकरवी कवायती पलटणी व तोफखाना उभारला. १८०३ च्या युद्धात शिंद्यांचे अनेक युरोपीय अधिकारी नोकरी सोडून गेले. तरीही २३ सप्टेंबरला असईच्या रणात गोलंदाज तोफांपाशी ठाम राहिले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पलटणी पुढे जाताच त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले.

पुढे युद्ध वऱ्हाडात आले. २९ नोव्हेंबरला अडगाव येथे भोसल्यांच्या तोफा सुरू होताच, असईत टिकलेल्या कंपनीच्या तीन पलटणी माघारी पळाल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना सावरले. नंतर मात्र मराठ्यांच्या घोडदळाचा हल्ला परतवला गेला, पायदळ हटले आणि ३८ तोफा शत्रूच्या हाती पडल्या. १५ डिसेंबरला अमरावती जिल्ह्यातील गाविलगड पडला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून गेला आणि पुढे निजामाला मिळाला.

सारांश
तोफेचे बळ तिच्या धातूत कमी आणि गोलंदाजांच्या सरावात अधिक असते. परंतु पायदळ व घोडदळ पाठीशी न टिकल्यास शिकलेल्या गोलंदाजाचेही काही चालत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. तोफ भरण्याचा क्रम आपल्या शब्दांत लिहा.
२. अडगाव येथे तोफांचा मारा परिणामकारक होऊनही पराभव का झाला?