चार बोटं उचल आणि थांब

बाळा, लिलावात फौजेची जुनी शक्तिमान ट्रकगाडी घेतलीस हे मला आवडलं. हौदा उतरवून पाण्याची टाकी चढवायची म्हणतोस, तेही योग्यच. उन्हाळ्यात डोंगरावरच्या वस्त्यांना चारही चाकं ओढणारी अशीच गाडी पाणी पोचवते. पण फोनवर तू म्हणालास, "मामा, हायड्रा क्रेन बोलावतो आणि तासाभरात हौदा खाली घेतो," आणि तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. गॅरेजातल्या पोरांनाही वाचून दाखव.

ही गाडी जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनायची. १९६५ आणि १९७१ च्या लढायांत तिने फौजेची सेवा केली आणि १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे तुझी गाडी अगदी शेवटच्या खेपेतली असली तरी २५ वर्षांच्या पुढची आहे. इतकी वर्षं हौदा चासीवर बसलेला आहे. मधल्या फटीत पाणी गेलं, चिखल गेला, मग गंज चढला. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे फटीत तो ठासून भरतो आणि दोन्ही अंगं धरून ठेवतो. सगळे बोल्ट निघाले तरी हौदा सुटलेला नसतो. त्यात कुणी क्रेनने हिसका मारला, की एक कोपरा एकदम सुटतो आणि बाकीचे तीन धरलेले राहतात. अपघात होतो तो त्या क्षणी.

आधी जागा बघ. काळ्या मातीवर हे काम करूच नकोस, पाऊस नसला तरी. मुरूम ठोकून बसवलेली किंवा काँक्रीटची सपाट जागा हवी. हायड्राला बाजूला टेकवायचे पाय नसतात, ती स्वतःच्या टायरांवरच उभी असते. बारा टनी म्हणतात, पण ते बारा टन बूम आखूड आणि वजन अगदी पुढ्यात असताना. बूम लांब केली की ताकद झपाट्याने उतरते. त्यात वजन घेऊन उतारावर वळली तर ती कलंडते. क्रेनवाल्याला आधी विचार, "माझा हौदा उचलताना बूम किती लांब काढणार, आणि तेवढ्याला किती टन?" त्याच्या केबिनमधला तक्ता तो दाखवेल. नाही दाखवला तर दुसरी क्रेन बोलाव.

आता वजन. लोक अंदाजाने "असेल टनभर" म्हणतात. तू टेप घे आणि मोज. लोखंडी पत्र्याचं गणित सोपं आहे: एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड, की वजन ७.८५ किलो. तीन मिलिमीटरचा पत्रा असेल तर चौरस मीटरला साडेतेवीस किलो. १४ फूट बाय ७ फुटाची नुसती जमीन दोनशे पंधरा किलोच्या घरात जाते. तळाचा आडवा चॅनल १०० मिलिमीटरचा असेल तर मीटरला नऊ-साडेनऊ किलो धर. मग फाळके, बाकं, ताडपत्रीच्या कमानी. शेवटी जे येईल त्यात चौथा हिस्सा वाढव. आडव्यांच्या कोनाड्यांत वर्षानुवर्षांची माती घट्ट बसलेली असते आणि तळाला लाकूड असेल तर ते पाणी प्यालेलं असतं. पाण्याच्या फवाऱ्याने माती आधी धुऊन टाक. फाळके, बाकं, कमानी, जे जे पिना काढून निघतं ते काढून बाजूला ठेव. जितकं हलकं करशील तितकं बरं.

बॅटरी सोड. फौजी गाड्यांत बहुधा २४ व्होल्ट असतात, १२च्या दोन जोडून. अर्थची वायर आधी काढायची. मागच्या दिव्यांच्या आणि चासीखालच्या ब्लॅकआऊट दिव्याच्या वायरी तोडू नकोस, जोडावर सोडव आणि प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नाव लिही. डिझेलच्या टाकीची नळी, ब्रेकचे पाईप, ट्रेलरची जोडणी असेल तर ती, सगळं हौद्याला कुठे क्लॅम्प मारलंय ते टॉर्च घेऊन बघ. यात कंटाळा नको. एक विसरलेला क्लॅम्प ब्रेकचा पाईप उपटून काढतो.

बोल्टवर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यांनाच लागतो. आजपासून रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक नटावर डिझेल सोड, वरून आणि खालून. सोडण्याआधी तारेच्या ब्रशने आटे मोकळे कर, नाहीतर तेल चिखलच पितो. तेल सोडलं की बोल्टच्या डोक्यावर हातोड्याचे दोन हलके ठोके. त्या कंपाने तेल आत उतरतं. आठवडाभराने पाना लाव, पण लगेच सोडवायला जाऊ नकोस. आधी किंचित घट्ट कर, केसभर. "टक्" असा आवाज येईल. तो आला की गंज तुटला. मग अर्धा फेरा सोड, पाव फेरा परत घट्ट, पुन्हा सोड, असं पुढेमागे करत ने. पान्याला पाईप लावलास तर पाईप आपल्याकडे ओढायचा, अंगाने ढकलायचा नाही. पाना सटकला की ढकलणारा तोंडावर आपटतो.

जो नट ऐकतच नाही, तो ग्राइंडरने बोल्टला समांतर उभा काप, आट्यापर्यंत, आणि त्या खाचेत छिन्नी मारून उघड. गॅस लावायचाच असेल तर ज्योत फक्त नटावर. चासीचं पोलाद तापवलं की त्याचा कस जातो, आणि पुढे टाकीतल्या हजारो लिटर पाण्याचा भार त्याच चासीने पेलायचा आहे. शिवाय जुन्या फौजी रंगात शिसं असू शकतं. त्याचा धूर छातीत घेऊ नकोस. ज्योत लागणार तिथला रंग आधी खरवडून काढ, तोंडाला मास्क लाव, वाळूची बादली आणि अग्निशामक हाताशी ठेव. डिझेलची टाकी तर गॅस पेटायच्या आधीच उतरवलेली असली पाहिजे.

एक खूण लक्षात ठेव. फौजी ट्रकांत काही बोल्टांवर जाड स्प्रिंग असते, बहुतेक पुढच्या, केबिनमागच्या बाजूला. खडबडीत जमिनीवर चासी पिळते, आणि हौद्याने तिला अडवू नये म्हणून ती सोय असते. ती स्प्रिंग दाबलेली असते. तो नट सोडताना तोंड आणि हात बोल्टच्या रेषेत आणू नकोस, आणि शेवटच्या आट्यापर्यंत सावकाश उतर. या स्प्रिंगा, वॉशर आणि बुश डब्यात जपून ठेव, कुठला कुठून निघाला ते लिहून. टाकी बसवताना तीच सोय पुन्हा लागणार आहे. टाकी चारही बाजूंनी घट्ट आवळून बसवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या टाक्या वर्षाच्या आत कोपऱ्यात चिरतात.

सगळे बोल्ट एकदम काढायचे नाहीत. चार कोपऱ्यांचे नट दोन आट्यांवर ठेव, क्रेनचा पट्टा ताणला की मगच काढ.

पट्टा कुठे लावणार? कमानीच्या खोबणीला नाही, फाळक्याच्या कडीलाही नाही. तळाच्या आडव्या चॅनलखालून, जिथे हौद्याचं खरं हाड आहे तिथून. कडा बोचते तिथे जुन्या टायरचा तुकडा घाल. आता कोनाचं गणित ऐक, कारण यात माणसं फसतात. वजन एक टन आणि दोन पट्टे जमिनीशी ६० अंशांत असतील, तर प्रत्येकावर ५८० किलो येतात. ४५ अंशांना ७१० येतात. ३० अंशांना प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण एक टन. पट्टे आखूड पडले की हुकाजवळ पसरट होतात आणि भार असा वाढतो. चार पट्टे लावलेस तरी हौदा कडक असतो, म्हणून भार समोरासमोरच्या दोघांवरच आहे असं धरून पट्टे निवड. आणि वर आडवा पाईप किंवा चॅनल लावून पट्टे सरळ खाली सोड, म्हणजे हौद्याच्या भिंती आत दाबल्या जाणार नाहीत. दोन कोपऱ्यांना लांब दोर बांध. हौदा फिरायला लागला तर दोराने धरायचा, हाताने नाही.

आता मुख्य काम. उचलायला सांगण्याआधी खडूने चारही कोपऱ्यांवर हौदा आणि चासी दोन्हींवर एक सलग उभी रेघ मार. मग क्रेनवाल्याला म्हण, "चार बोटं." इशारा एकाच माणसाने द्यायचा, बाकीचे गप्प. सुरुवातीला तुला वाटेल हौदा वर येतोय. तो येत नसतो. वरचा भार हलका झाला की मागचे पाटे उघडतात आणि चासीच हौद्याबरोबर वर येते. खडूची रेघ सांगेल: रेघ अखंड आहे तोवर काहीही सुटलेलं नाही. इथे थांब. गाडीखाली कुणी जायचं नाही, बाहेरून वाकून टॉर्चने चारही कोपरे बघ. तीन कोपऱ्यांत रेघ तुटली आणि एकात नाही, तर तिथे बोल्ट राहिलाय किंवा गंजाने धरलंय. हौदा परत टेकव, पट्टा ढिला कर, मगच त्या कोपऱ्यावर काम कर. फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर हळूहळू ठोक, आज थोडी, गरज पडली तर उद्या थोडी. चारही रेघा सारख्या तुटल्या की मगच वर ने.

क्रेनपेक्षा मला जुनी रीत आवडते, पण तिला दोन दिवस लागतात. हौद्याच्या तळाखालून, चाकांच्या माथ्यापेक्षा वर, दोन लांब गर्डर आडवे सारायचे. त्यांची टोकं गाडीच्या दोन्ही बाजूंना भरपूर बाहेर. चार टोकांखाली चार जॅक. एका वेळी दोन बोटं उचलायचं आणि लगेच ठोकळे भरायचे, मग दुसरी बाजू. हौदा मोकळा झाला की गाडी सावकाश पुढे काढून घ्यायची. भार सतत ठोकळ्यांवर राहतो, एका दोरीवर नाही, हे मला त्यात आवडतं. ठोकळे म्हणजे जुने रेल्वेचे लाकडी स्लीपर, एक थर उभा, एक आडवा. थप्पीची उंची बुडाच्या रुंदीच्या दुपटीवर नेऊ नकोस. तेलाचे रिकामे ड्रम मात्र कधी लावू नकोस. एका ठिकाणी मी ड्रमवर ठेवलेला हौदा बघितला होता. दिवसभर नीट होता, संध्याकाळी एक ड्रम पोटात मोडला. पोरं जेवायला गेलेली होती म्हणून वाचली.

हौदा खाली आला की सगळे दमलेले असतात आणि चासीकडे कुणी बघत नाही. तू बघ. चासी आणि हौद्याच्या मधे जिथे लाकडी पट्टी होती तिथे चासीवर तारेचा ब्रश मार आणि छोट्या हातोड्याने बोटाबोटावर ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, खाल्लेलं लोखंड बद्द बोलतं. चासीची वरची पट्टी पातळ झाली असेल तर टाकीचा विचार तिथेच थांबव आणि आधी चासीच्या माणसाला दाखव. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीत नवीन भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. ठीक असेल तर रेड ऑक्साइडचे दोन हात, आणि मधली नवीन लाकडी पट्टी सागाची.

कागदाचंही सांगतो. हौद्याच्या जागी टाकी म्हणजे गाडीत बदल, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. काम झाल्यावर नाही, आधी जा. लिलावाची सगळी कागदं घेऊन जा. आणि तो हिरवा रंग काढ. ऑलिव्ह ग्रीन फक्त सैन्याच्या गाड्यांना आहे, १९८९ च्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलंय. तुला तो आवडतो हे मला माहीत आहे, तरी काढ. गाडी काट्यावर हौदा काढायच्या आधी एकदा आणि काढल्यावर एकदा ने. दोन पावत्यांतल्या फरकाने तुझं टेपचं गणित किती बरोबर होतं तेही कळेल, आणि टाकी किती लिटरची घ्यायची हे ठरवताना हौदा काढल्यावरची पावती आरटीओत आणि टाकीवाल्याकडे कामाला येईल.

क्रेनची तारीख ठरवायच्या आधी मला फोन कर. मी आदल्या संध्याकाळी येतो, खडू आणि पाचरी माझ्याकडच्या आणतो. नटांवर तेल मात्र आजपासूनच सोडायला लाग.