‘तुला कुणी पाठवलं?’ : ऑर्डरची वेबसाइट बनवून घेताना विचारायचा प्रश्न



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ऑनलाइन ऑर्डर घ्यायचा सेटअप पाहिला. त्यातला सुरक्षेचा एक मुद्दा दोन मिनिटांत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. कोडिंग येत नसलं तरी काळजी करू नका. दुकान चालवणाऱ्याला हे नक्की समजेल.

लाइव्ह बोर्ड कसा चालतो?

साधी वेबसाइट पत्रासारखी असते. ब्राउझर विचारतो, सर्व्हर उत्तर देतो, विषय संपला. पण नवी ऑर्डर आली की स्क्रीनवर आपोआप दिसावी, पेज रिफ्रेश करायला लागू नये, असं हवं असेल तर फोनसारखी सतत चालू राहणारी लाइन लागते. तिला वेबसॉकेट म्हणतात. याचं अधिकृत मानक डिसेंबर 2011 मध्ये आलं. आज चॅट, लाइव्ह ऑर्डर बोर्ड, डिलिव्हरी ट्रॅकिंग अशा ठिकाणी ते सर्रास वापरतात.

मग चोरी कशी होते?

समजा, तुमचा एक विश्वासू पोऱ्या आहे. त्याच्या खिशात दुकानाचं ओळखपत्र आहे. ते दाखवलं की गोडाऊनवाला माल देतो. आता एखाद्या परक्या माणसाने त्याला सांगितलं, “जा रे, गोडाऊनमधून अमुक माल घेऊन ये.” पोऱ्या भोळा, तो गेला. गोडाऊनवाल्याने ओळखपत्र पाहिलं आणि माल दिला. ओळखपत्र खरं, पोऱ्याही खरा, तरी माल गेला! कारण एक प्रश्न विचारलाच नाही : “तुला कुणी पाठवलं?”

इथे पोऱ्या म्हणजे तुमचा ब्राउझर. ओळखपत्र म्हणजे लॉगिननंतर साठवलेली कुकी. तुम्ही एका टॅबमध्ये ऑर्डर बोर्ड उघडून बसला आहात आणि दुसऱ्या टॅबमध्ये ‘होलसेल ऑफर’ची कुठलीतरी लिंक उघडली. त्या पेजने गुपचूप तुमच्या सर्व्हरशी वेबसॉकेट जोडायची विनंती केली, तर ब्राउझर कुकी सोबत देऊ शकतो. सर्व्हरला वाटतं मालकच आला. पासवर्ड चोरीला गेला नाही, तरी लाइन परक्याच्या हातात गेली. ती दुहेरी असते, म्हणजे तो ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर वाचू शकतो आणि तुमच्या नावाने ऑर्डर रद्दही करू शकतो. या प्रकाराला ‘क्रॉस-साइट वेबसॉकेट हायजॅकिंग’ म्हणतात.

चांगली गोष्ट अशी की ब्राउझर प्रत्येक वेबसॉकेट विनंतीसोबत ‘ओरिजिन’ पाठवतो, म्हणजे ही विनंती कोणत्या साइटवरून निघाली ते सांगतो. परकं पेज त्यात फेरफार करू शकत नाही. पोऱ्या खरं सांगतो, पण ते तपासायचं काम गोडाऊनवाल्याचं, म्हणजे सर्व्हरचं आहे.

एका डॉटची गोष्ट

आता खरं उदाहरण बघू. एलिक्सिर या भाषेत ‘फिनिक्स’ नावाचं वेब फ्रेमवर्क आहे. लाइव्ह ॲपसाठी ते विशेष ओळखलं जातं आणि ओरिजिनची तपासणी त्यात मुळातच चालू असते. तरीही 2022 मध्ये त्यात एक त्रुटी नोंदवली गेली. तिचा क्रमांक सीव्हीई-2022-42975.

झालं असं. बऱ्याच व्यवसायांच्या एकाच डोमेनखाली अनेक शाखा असतात, ऑर्डरसाठी एक, ॲडमिनसाठी एक. प्रत्येकीचं नाव लिहिण्याऐवजी डेव्हलपर यादीत स्टार टाकतो : *.उदाहरण.कॉम. अर्थ असा की ‘ऑर्डर.उदाहरण.कॉम’ला आत घ्या, ‘ॲडमिन.उदाहरण.कॉम’लाही घ्या. पण फिनिक्स फक्त एवढंच पाहत होतं की नावाचा शेवट ‘उदाहरण.कॉम’ने होतो का. आधीचा डॉट तपासलाच जात नव्हता. त्यामुळे कुणीही ‘खोटेउदाहरण.कॉम’ हे वेगळंच डोमेन विकत घेतलं, तरी शेवट जुळायचा आणि तपासणी पास व्हायची! 1.6.14 या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. ज्यांनी स्टार वापरलाच नव्हता, त्यांना हा धोका नव्हता.

दुसऱ्या कुलपाने वाचवलं

यातली शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. फिनिक्सच्याच ‘लाइव्हव्ह्यू’वर बनवलेली ॲप्स या त्रुटीतून मुळातच सुटली. कारण तिथे जोडणी करताना आणखी एक गुप्त टोकन मागितलं जातं. हे टोकन तुमच्या खऱ्या पेजमध्येच असतं, परक्या पेजला ते मिळत नाही. एक कुलूप सैल निघालं, दुसऱ्याने काम केलं. शटरला आपण दोन्ही बाजूंना कुलूप लावतो ते यासाठीच ना?

डेव्हलपरला हे पाच प्रश्न विचारा

1. वेबसॉकेट जोडताना ओरिजिन तपासता का? काही फ्रेमवर्कमध्ये ही तपासणी आधीपासून चालू असते, काहींत डेव्हलपरला ती स्वतः जोडावी लागते.
2. टेस्टिंगच्या वेळी तपासणी बंद केली होती का? ती परत चालू केली का? सर्व्हरवर चढवताना एरर आली की “तात्पुरतं बंद करू” असं होतं, आणि तात्पुरतं ते कायमचं होऊन बसतं.
3. परवानगीच्या यादीत स्टार आहे का? शक्य असेल तर पूर्ण नावंच लिहायला सांगा.
4. टोकन आहे का? कुकीला ‘सेमसाइट’ लावलंय का? सेमसाइटमुळे परक्या साइटवरून निघालेल्या विनंतीसोबत कुकी जात नाही. पण तुमच्याच डोमेनखालचं एखादं पान कुणी ताब्यात घेतलं, तर त्याला ते अडवत नाही. म्हणून एवढ्यावर विसंबू नका.
5. फ्रेमवर्क अपडेट कोण करणार, किती दिवसांनी, किती पैशांत? हे कोटेशनमध्ये लेखी घ्या.

पुरावाही मागा. डेव्हलपरला सांगा, “दुसऱ्या डोमेनवरच्या पेजवरून आपल्या बोर्डला जोडून दाखव.” जोडणी नाकारली गेली तर उत्तम. जोडली गेली तर शेवटचा हप्ता थांबवा आणि आधी दुरुस्ती करून घ्या.

“हे माझं काम आहे का?”

हो, तुमचंच आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होतेय. ग्राहकाची माहिती तुमच्या धंद्यासाठी गोळा होत असेल, तर जबाबदारी तुमची. काम बाहेरच्या डेव्हलपरला दिलं म्हणून ती सुटत नाही. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. छोट्या दुकानाला एवढा दंड होईलच असं नाही, पण कायदा याकडे किती गंभीरपणे बघतो ते कळतं. आणि दंडाचं सोडा, एकदा ग्राहकाचा पत्ता बाहेर गेला की तो ग्राहक परत येईल का?

आजचा गृहपाठ : वरचे पाच प्रश्न कॉपी करून आजच तुमच्या डेव्हलपरला पाठवा. नीट उत्तरं देणारा माणूस कामाचा समजा. “त्यात काही नसतं हो” म्हणणारा भेटला, तर ॲडव्हान्स देण्याआधी दुसरं कोटेशन मागवा.