बागेतील विषारी झाडे आणि राखणीचा कुत्रा

पुण्यालगतची खडकी ही जुनी लष्करी छावणी आहे. तेथील बंगल्यांच्या आवारांत काय किंवा आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या परसांत काय, कण्हेर, एरंड, अळू यांसारखी झाडे सर्रास आढळतात. ‘गुरे तोंड लावीत नाहीत’ म्हणून कण्हेर कुंपणाला पसंत केली जाते. परंतु हा गुण तिच्या विषामुळेच आलेला आहे. गुरे जे टाळतात ते कुत्र्याचे पिल्लू खेळता खेळता चघळते. म्हणून पुढील झाडांची ओळख प्रत्येक शेतकऱ्यास असणे अगत्याचे आहे.

कण्हेर व बिट्टी : पांढरी, तांबडी किंवा पिवळी, कोणतीही कण्हेर सर्वांगी विषारी असते. तिच्या विषाने हृदयाचे ठोके अनियमित होतात. छाटलेल्या फांद्या वाळल्या तरी विष कायम राहते. त्या रस्त्यावर टाकू नयेत. शेळ्यांनाही त्यांपासून धोका असतो.

एरंड : एरंडीच्या बियांतील विष तेलात उतरत नाही, ते पेंडीत राहते. पुरेशी उष्णता न दिलेली पेंड खत म्हणून गुलाबाच्या वाफ्यात घातली असता तिच्या वासाने कुत्रा वाफा उकरून ती खातो. सोबत हाडांचा चुरा असल्यास ओढ अधिकच वाढते. कुत्रा मोकळा असेल तेथे ही पेंड वापरू नये, व तिची पोती बंद खोलीत ठेवावीत.

सायकस : या शोभेच्या झाडाची बी सर्वांत घातक होय. प्रथम ओकाऱ्या होतात, नंतर यकृत निकामी होते.

धोतरा, गुंज व कळलावी : धोतऱ्याने डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात व कुत्रा भ्रमिष्टासारखा वागतो. गुंजेचे कवच कठीण असते. ती फुटून चावली गेल्यास विष भिनते. कळलावीचा कंद विशेष विषारी असतो.

अळू, मनीप्लांट व डिफेनबेकिया : यांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते टोचल्याने तोंडाची आग होते व लाळ गळते. अशा वेळी तोंड स्वच्छ पाण्याने धुवावे. ही झाडे सहसा जिवावर बेतत नाहीत.

उपाय : मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून ओकारी करवू नये. तेल, तूप बळेच पाजू नये. ते फुप्फुसात उतरण्याचा संभव असतो. खाल्लेल्या झाडाची डहाळी किंवा बी सोबत घेऊन, खाल्ल्याची वेळ ध्यानात ठेवून, जनावरास त्वरित पशुवैद्यकाकडे न्यावे.

येथे एक गोष्ट विसरू नये. एरंडीच्या विषाची लक्षणे काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी दिसतात, आणि सायकसने यकृतास झालेली इजा ओकारी थांबल्यावर उघड होऊ शकते. म्हणून कुत्रा बरा दिसतो एवढ्यावरून धोका टळला असे समजू नये.

सर्वच झाडे तोडण्याचे कारण नाही. सायकसच्या बिया पडताच वेचाव्यात, कुंड्या उंचावर ठेवाव्यात व पिल्लास कुंपणापासून दूर बांधावे. ग्रामसेवकांनी आपल्या गावात फेरी मारून ही झाडे लोकांना प्रत्यक्ष दाखवावीत. याच बिया व फळे लहान मुलांनाही घातक असल्याने ही फेरी दुहेरी उपयोगी ठरेल.