‘शुभ सकाळ’ आणि रिकामी एसटी

प्रश्न : रोज सकाळी फुलांची, देवांची ‘शुभ सकाळ’ चित्रं येतात. ती क्लाउडवर साठून वीज खातात, पुसून टाका, असं मुलगा म्हणतो. खरंच फरक पडतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मोबाइल हलका होईल, तेवढ्यासाठी पुसा. पण तुमचं एक फूल गेलं म्हणून कुठली डिस्क फिरायची थांबत नाही.

क्लाउड म्हणजे ऐरोली, रबाळे, पनवेलकडे दिसतात तशा भल्यामोठ्या इमारती आणि आत ओळीनं लावलेले सर्व्हर. (तुमची फुलं तिथेच असतील असं नाही, कदाचित परदेशात असतील.) आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगभरच्या अशा इमारतींनी, म्हणजे डेटा सेंटरांनी, २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या वापराच्या साधारण दीड टक्का.

बचत म्हटली की सगळ्यांना आधी एसी आठवतो. फिनलंडमध्ये हामिनाला गूगलनं जुन्या कागद कारखान्यात २०११ मध्ये डेटा सेंटर सुरू केलं. ते समुद्राच्या गार पाण्यावर थंड राहतं. ठाण्याची खाडी आपल्यावर इतकी मेहेरबान नाही. तरी स्वेटर घालावा लागेल इतका गारवा सर्व्हरना लागतच नाही, आत जाणारी हवा २७ अंशांपर्यंत चालते.

मला मात्र खरी उधळपट्टी दिसते ती बसून राहिलेल्या सर्व्हरमध्ये. स्टँडवर इंजिन चालू ठेवून उभी असलेली रिकामी एसटी आठवा. गूगलच्याच बारोसो आणि होल्झल या अभियंत्यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं, की काहीही काम नसलेला सर्व्हर पूर्ण भाराच्या जवळपास निम्मी वीज ओढतो. आणि बहुतेक सर्व्हर दिवसभर १० ते ५० टक्केच राबतात. नवे सर्व्हर याबाबतीत सुधारलेत, पण खोड पुरती गेलेली नाही. उपाय एसटीचाच : चार अर्ध्या गाड्यांतले प्रवासी दोन गाड्यांत बसवा, उरलेल्या दोन बंद करा. एकाच सर्व्हरवर अनेक ‘आभासी’ सर्व्हर चालवून नेमकं हेच करतात.

कार्बनचा हिशेब वेगळा, कारण तिथे युनिट कोणत्या वेळी वापरलं हेही मोजावं लागतं. दुपारी ग्रिडमध्ये सौरवीज असते; सूर्य मावळला की भार मुख्यतः कोळशावर. शेतीपंपांना दिवसा सौरवीज देण्याची आपल्याकडची धडपड तुम्हाला माहीत आहेच. पंप रात्रीऐवजी दिवसा चालवावा, तशी गूगलनं २०२० पासून बिनघाईची कामं स्वच्छ वीज मिळण्याच्या तासांकडे सरकवायला सुरुवात केली. व्हिडिओवरची प्रक्रिया काही तास थांबू शकते. तुमची ‘शुभ सकाळ’ मात्र सकाळीच पोचावी लागते.