तारेचा पीळ

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात अंकुशनगर नावाचे गाव आहे. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती ही वस्ती वाढली. गळिताचा हंगाम सुरू झाला, की उसाने लादलेल्या वाहनांची रीघ लागते आणि मळीचा उग्र वास रात्री-अपरात्रीही हवेत दरवळत राहतो. याच परिसरात, शेताच्या कडेला माझे घर आहे. घराचा पुढचा भाग नवा, सिमेंटचा. मागचा मात्र माझ्या आजोबांच्या काळचा, दगडमातीचा, हातभर रुंद भिंतींचा. उन्हाळ्यात त्या भिंतींना मी नेहमी दुवा देतो.

मागच्या खोलीत माझी नात अभ्यास करते. दर रविवारी तिची एक सराव परीक्षा संगणकावर असे. इंटरनेटची जोडणी पुढच्या खोलीतील राउटर नावाच्या पेटीत आली होती. त्या पेटीतून निघणाऱ्या रेडिओलहरी दोन दगडी भिंती ओलांडीपर्यंत अगदी क्षीण होत. परीक्षेच्या ऐन मध्यावर पडदा थिजून जाई. घड्याळ मात्र पुढे धावत राही. लागोपाठ दोन रविवार असे घडले. दुसऱ्या खेपेस ती बाहेर आली आणि एवढेच म्हणाली, "आजोबा, उत्तर येत होतं मला."

मी त्याच दिवशी ठरविले, की राउटरपासून तिच्या संगणकापर्यंत तार न्यावयाची. बाजारातून तीस मीटर तार, काही प्लग, प्लग दाबून बसविण्याची पक्कड आणि आठ दिव्यांचे एक तपासयंत्र आणले. अशी तार शंभर मीटरपर्यंत चालते, तेव्हा अंतराची चिंता नव्हती. चिंता होती ती घरातील विजेच्या तारांची. त्यांच्या नळीत ही तार कधीही घालू नये. 230 व्होल्टचा तो प्रवाह जीवघेणा असतो. म्हणून मी तार वीतभर अंतर राखून नेली, आणि जेथे विजेची तार ओलांडणे भागच होते, तेथे ती काटकोनात ओलांडली. मुलांनो, हे काम तुम्ही वडीलधाऱ्यांच्या देखरेखीवाचून करू नका.

आता टोकाचे काम उरले. वरचे आवरण सोलले, तो आत आठ बारीक तारा निघाल्या. नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी अशा चार तारा आणि प्रत्येकीची एक पांढऱ्या पट्ट्याची सोबतीण. प्रत्येक जोडीला पीळ घातलेला होता. मी पीळ उलगडले आणि सोबतिणी शेजारी-शेजारी ठेवून चारही जोड्या ओळीने बसविल्या. दोन्ही टोकांना क्रम एकच ठेवला. आयुष्यभर मुलांना रांगेत उभे करण्यात गेलेल्या माणसाला ती रचना फारच देखणी वाटली! तपासयंत्राचे एक ते आठ दिवे क्रमाने उजळले. मी नातीकडे विजयी मुद्रेने पाहिले.

शनिवारी रात्री आम्ही जोडणी करून पाहिली, तर चित्र पूर्वीसारखेच अडखळू लागले. मी तारेला दोष दिला. मग दुकानदाराला दिला. नात मात्र उरलेल्या तुकड्याशी चाळा करीत बसली होती. तिने विचारले, "आजोबा, यांना पीळ कशाला दिलाय?"

अंबाडीच्या दोराला पीळ देतात तो बळकटीसाठी, हे मला ठाऊक होते. येथील उत्तर मला येईना. मी पुस्तके काढून बसलो.

जोडीतील दोन्ही तारांतून एकच संदेश परस्परविरुद्ध रूपाने जातो. एकीत लाट चढते, तेव्हा दुसरीत उतरते. आजूबाजूच्या विजेचा गोंगाट मात्र दोघींवर सारखाच पडतो. पलीकडचे यंत्र दोहोंतील फरक तेवढा घेते, त्यामुळे सारखा पडलेला गोंगाट आपोआप वजा होतो. पण तो सारखा पडावा कसा? रस्त्याच्या एका बाजूस ऊन व दुसऱ्या बाजूस सावली असताना दोन मुले सतत जागा बदलत चालली, तर दोघांनाही ऊन सारखेच लागेल. पीळ हेच करतो. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने 1881 साली अशा पिळाच्या जोडीचे पेटंट घेतले होते. पुढे 1973 साली अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी संगणक जोडण्याची 'इथरनेट' ही पद्धत आरंभली, ती एका जाड तारेवर. पिळाच्या तारा तिला नंतर मिळाल्या.

माझी चूक आता ध्यानात आली. प्लगात पहिली व दुसरी, चौथी व पाचवी, सातवी व आठवी या जागांच्या जोड्या असतात. पण तिसरीची जोडीदार सहावी असते. मधल्या दोन जागा मूळच्या टेलिफोनच्या जोडीसाठी, म्हणून ही जोडी त्यांच्या दोहों बाजूंस विभागलेली. माझ्या देखण्या रांगेत तिसऱ्या जागी पांढरी-हिरवी आणि सहाव्या जागी निळी आली होती. ज्यांना एकमेकींचा पीळच नाही, अशा तारांची मी जोडी लावून दिली होती! तपासयंत्र तार अखंड आहे की नाही एवढेच पाहते. पिळाचा विचार त्याला कोठून कळणार?

रात्री साडेअकराला आम्ही दोन्ही प्लग कापून टाकले. नात क्रम वाचू लागली आणि मी तारा लावू लागलो : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. या वेळी पीळ उलगडला तो बोटाच्या पेराच्या निम्म्याइतकाच.

रविवारी सकाळी परीक्षा सुरू झाली. मी पुढच्या खोलीत राउटरचा लुकलुकणारा हिरवा दिवा पाहत बसलो. तासभर तो थांबला नाही. मग दार उघडले.

"आजोबा, दोन गणितं चुकली," नात म्हणाली, "पण ती माझी मीच चुकवली."