प्रयोगशाळा आणि तानपुरा

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, विज्ञानशाखा घेतली तर गाणे सोडावे लागेल का?" वर्ग हसला, मीही काहीतरी वरवरचे उत्तर देऊन धड्याकडे वळलो. या प्रश्नावरून तिच्या घरी दोन दिवस अबोला होता, हे मागाहून कळले. ते अपुरे उत्तर आज येथे पुरे करतो.

विद्यार्थिमित्रहो, नर्मदाकाठच्या आपल्या धरमपुरीहून इंदूरवरून पुढे गेले की देवास लागते. तेथे १९४८ च्या जानेवारीत कुमार गंधर्व आले, ते क्षयाने जर्जर होऊन. गाण्यास वैद्यांची सक्त मनाई होती. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातील बायकांची गाणी कानी येत, तीच काय ती त्यांची सोबत. अशी कित्येक वर्षे गेली. पुढे स्ट्रेप्टोमायसीन हे औषध मिळू लागले आणि कुमारजी उठून बसले. एक फुप्फुस मात्र निकामी झाले होते. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गायले. हे औषध कोठून आले? १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाने ते मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळविले. मातीची ढेकळे तपासत बसणाऱ्या त्या मनुष्याला देवास हे नाव तरी ठाऊक असेल काय? तरीही 'अनूपरागविलास' हा कुमारजींचा बंदिशींचा संग्रह १९६५ मध्ये आपल्या हाती आला, त्याचे काही देणे त्या ढेकळांकडेही लागते.

याच सूक्ष्मजीवांच्या शास्त्रात पुढे एका गायिकेने पदव्युत्तर पदवी मिळविली, म्हणून ही हकीकत आधी सांगितली. त्या म्हणजे डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे. जन्म १९६० चा, मुंबईचा. आई माणिक भिडे या किशोरी आमोणकर यांच्या शिष्या. तेव्हा जयपूर घराण्याचे गाणे घरातच होते. आरंभीचे शिक्षण पं. नारायणराव दातार यांच्याकडे झाले. १९७७ मध्ये, सोळा-सतराव्या वर्षी, त्यांना आकाशवाणीच्या स्पर्धेत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. एखाद्या घरात एवढ्यावरच पुस्तके बांधून ठेवली असती. येथे तसे झाले नाही. सूक्ष्मजीवशास्त्र झाल्यावर त्यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. सजीवांच्या शरीरात ज्या रासायनिक घडामोडी अखंड चालतात, त्यांचा अभ्यास करणारे हे शास्त्र. त्यातील काम घाईचे नसते. एकच प्रयोग पुनःपुन्हा करावा लागतो आणि फसला तर कारण शोधून पुन्हा आरंभापासून. गळ्यावर पलटा चढवितानाही याहून निराळे काय घडते? (तुलना फार ताणू नये, हे मलाही कळते, परीक्षानळी बेसूर होत नाही.)

डॉक्टरेटनंतर मात्र त्यांनी पूर्णवेळ गाणेच पत्करले. त्या केवळ गात नाहीत, बंदिशी रचतातही. बंदिश म्हणजे रागाचे बीज. स्थायी आणि अंतरा मिळून शब्द मोजकेच, परंतु समेवर कोणते अक्षर पडावे, रागाची ओळख पहिल्याच ओळीत कशी पटावी, आणि तरीही गायकाला अर्धा तास विस्तार करण्यास जागा कशी उरावी, हे सारे त्या चार ओळींत बसवावे लागते. स्वतःच्या अशा बंदिशी त्यांनी 'रागरचनांजली' या ग्रंथात २००४ मध्ये प्रसिद्ध केल्या; दुसरा भाग २०१० मध्ये निघाला. रचना अशी लिहून, स्वरलिपीसह चारचौघांपुढे ठेवावी, म्हणजे कोणालाही ती पडताळता येते. संशोधकाची ही सवय त्यांना प्रयोगशाळेने लावली की गुरूने, ते मी सांगू शकत नाही. पण ती मला फार मोलाची वाटते. २००५ मध्ये आपल्याच मध्य प्रदेश शासनाचा कुमार गंधर्व सन्मान त्यांना लाभला आणि २०२५ मध्ये पद्मश्री.

"म्हणजे शेवटी विज्ञान सोडावेच लागले ना?" असे कोणी म्हणेल. सर्वांनाच लागत नाही. त्याच घराण्याचे डॉ. अरुण द्रविड यांनी मोगूबाई कुर्डीकर आणि पुढे किशोरीताई यांच्याकडे तालीम घेतली, मुंबईच्या आय.आय.टी.त रासायनिक अभियांत्रिकी शिकले, अमेरिकेतील एम.आय.टी.ची डॉक्टरेट घेतली, मोठ्या अभियांत्रिकी कंपनीची धुरा वाहिली आणि गाणेही चालू ठेवले. दिवसाचे तास त्यांनाही चोवीसच. तेव्हा एकीने निवड केली, दुसऱ्याने दोन्ही सांभाळले. यात थोर कोण, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. दोघांनीही पंधराव्या वर्षी घाईघाईने एक दार लावून घेतले नाही, एवढेच मी त्या मुलीच्या वडिलांना सांगितले.

ती मुलगी हल्ली पहाटे साडेपाचला तानपुरा लावते आणि साडेसातला गणिते घेऊन बसते. घरातील अबोला संपला आहे. दहावीनंतर काय, ते मात्र अद्याप ठरलेले नाही.