मोबाईलच्या पडद्यावरील दिशाभान

खातेवहीत नावे डाव्या बाजूस आणि जमा उजव्या बाजूस, हा संकेत वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आरंभीच शिकविला जातो. बाजू उलट ठरल्या असत्या तरी हिशेब जुळलाच असता. मात्र एकदा ठरलेली बाजू पानागणिक बदलत नाही, म्हणून सरावलेल्या नजरेला रक्कम शोधत बसावे लागत नाही. मोबाईलच्या पडद्याचा विचारही याच अंगाने करता येतो.

हा पडदा जेमतेम तळहाताएवढा. त्यावर बहुधा एकच पान मावते. उरलेली पाने कोठे आहेत, हे वापरणाऱ्याने मनात धरावयाचे असते. त्यास साहाय्य करते ती पडद्यावरील हालचाल, म्हणजेच अ‍ॅनिमेशन. नवे पान उजवीकडून सरकत आले की जुने डावीकडे राहिले, असे मन समजते. आयफोनमध्ये २०१३ च्या आयओएस ७ पासून डाव्या कडेवरून बोट उजवीकडे ओढले की मागील पान परत येते. ज्या बाजूस पान गेले, त्याच बाजूने ते परतते. गूगलने २०१४ मध्ये मांडलेल्या ‘मटेरियल डिझाइन’मध्ये तर पडद्यावरील घटक कागदासारखे कल्पिले होते, एक कागद दुसऱ्यातून आरपार जाऊ शकत नाही, असा त्यात दंडक होता.

अडचण उद्भवते ती एकाच खुणेला दोन अर्थ लाभतात तेव्हा. अँड्रॉइड १० (२०१९) मध्ये डावी वा उजवी, कोणतीही कड आत ओढली तरी ‘मागे’ जाता येऊ लागले. अंगठ्याची सोय झाली, हे खरे. पण डाव्या-उजव्याचा अर्थ पुसला गेला. शिवाय अनेक अ‍ॅप्समध्ये डाव्या कडेवरूनच यादी उघडत असे, तिच्याशी ही नवी खूण भिडली. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१७ साली आयफोन ८ आणि आयफोन एक्स एकाच वर्षी बाजारात आले. पहिल्यात तळाकडून बोट वर ओढले की नियंत्रण-फलक उघडे. दुसऱ्यात त्याच कृतीने मुख्य पडदा येई आणि फलक उजव्या वरच्या कोपऱ्यात गेलेला असे. वडिलांकडे एक व मुलाकडे दुसरा, अशा घरात कोणी कोणास शिकवावे? बदल करू नये असे नव्हे. परंतु दोन नियम एकाच वेळी चालू ठेवणे प्रस्तुत लेखकास गैर वाटते.

बँक व्यवहारात हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. समजा, रक्कम भरण्याचे पान उजवीकडून आले, खात्रीचे पान तळातून वर आले आणि निकालाचे पान कोणत्याही हालचालीविना एकदम उमटले. आपण पुढे गेलो की मागे आलो, हे ग्राहकास उमगत नाही आणि तो रक्कम पुन्हा पाठवितो. अशा वेळी आधी व्यवहारांची यादी पाहणे इष्ट. यूपीआयचे पिन मागणारे पान मात्र राष्ट्रीय देयक महामंडळाच्या सामाईक प्रणालीतून येत असल्याने निरनिराळ्या अ‍ॅप्समध्ये बहुतांशी सारखेच दिसते. ही एकरूपता ग्राहकाच्या हिताची आहे.

आता उलट बाजू. आयओएस ७ मधील झेपावणाऱ्या हालचालींनी काहींना गरगरू लागले. ऑक्टोबर २०१३ मधील ७.०.३ आवृत्तीत हालचाल कमी करण्याची सोय वाढविण्यात आली. ती चालू केली की पान सरकण्याऐवजी विरघळल्यासारखे बदलते. अँड्रॉइडमध्येही अ‍ॅनिमेशन बंद करता येते. भोवळीचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना ही सोय अवश्य दाखवावी. पण विरघळणाऱ्या पानाला दिशा नसते. अशा ग्राहकापाशी पानाच्या माथ्यावरील शीर्षक आणि डाव्या कोपऱ्यातील बाण एवढीच खूण उरते, आणि कित्येक अ‍ॅप्समध्ये तो बाणही प्रत्येक पानावर नसतो.